भांगात मोजलेली मासळी

माझ्या हातून झालेली चूक माझ्या नावावरून उतरवून दुसऱ्या कोणाच्या नावावर चढवण्याचा अधिकार मी कोणालाही दिलेला नाही. ज्या संस्थेत मी एकतीस वर्षे नोकरी केली, तिने आपल्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत नेमके हेच केले आहे, आणि तेही माझ्या गौरवलेखात. माझ्या छायाचित्राशेजारी एक वाक्य छापले आहे: 'खाडीतील मासेमारीच्या तक्त्यात टंकलेखिकेच्या अनवधानाने राहिलेली गंभीर चूक त्यांच्या व तत्कालीन संचालकांच्या दक्षतेमुळे वेळीच लक्षात आली.' या एका वाक्यात चार विधाने आहेत आणि चारही खोटी आहेत. टंकलेखिकेचे अनवधान नव्हते. दक्षता माझी नव्हती. संचालकांची तर नव्हतीच. आणि वेळीच म्हणावे असे तिथे काहीही घडले नव्हते.

ती टंकलेखिका म्हणजे सुमनबाई, दिवाळे गावच्या. स्मरणिका सर्व निवृत्त कर्मचाऱ्यांना घरपोच गेली. म्हणजे ती त्यांच्याही घरी गेली. ज्या बाईने चूक पहिल्यांदा पाहिली आणि तोंडाने बोलून दाखवली, तिच्याच दारात ती चूक तिच्या नावाने पोहोचती करण्यात आली. हा लेख त्यासाठी आहे.

आमचे काम काय होते ते आधी सांगतो, कारण स्मरणिकेने त्याचीही वाट लावली आहे. 'त्या काळी तक्त्यांची तुलना हाताने व अंदाजाने होत असे,' असे तिथे म्हटले आहे. हाताने होत असे, हे मान्य. अंदाजाने हा शब्द ज्याने लिहिला, त्याला मी आमच्या विभागात आठवडाभर बसवला असता, तर तो स्वतःहून बदलीचा अर्ज घेऊन आला असता. अर्थात, हे काम मी घरच्यांनाही कधी पटवू शकलो नाही. माझे सासरे शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, "जावई बेलापूरला रद्दी तपासतात."

सीबीडी बेलापूरच्या सरकारी इमारतींच्या रांगेत, एका तिसऱ्या मजल्यावर, आमचे संशोधन-संदर्भ केंद्र होते. विद्यापीठांतले प्रबंध, अहवाल, पाहण्या तिथे येत. आता असे पाहा. एकाच खाडीवर चार माणसे काम करतात. रसायनशास्त्राचा माणूस पाणी तपासतो, प्राणिशास्त्राचा मासे मोजतो, अर्थशास्त्राची बाई घरोघर जाऊन विक्री विचारते, वैद्यकाचा मुलांची वजने घेतो. चौघे एकमेकांना ओळखत नाहीत, एकमेकांचे वाचत नाहीत, आणि प्रत्येकाच्या प्रबंधात तक्ते असतात. ते तक्ते हुडकायचे, एका पातळीवर आणायचे आणि शेजारी शेजारी मांडायचे, म्हणजे खाडीचे एकत्र चित्र दिसते. त्याला आम्ही तुलना म्हणत असू. मी तुलना विभागाचा प्रमुख होतो.

हुडकणे हे अर्धे काम होते. प्रबंधाच्या सूचीत प्रकरणे असतात, तक्ते क्वचितच. उरणकडच्या बायकांच्या रक्तक्षयाचा एक उत्तम तक्ता मला पाणी उपसण्याच्या पंपांवरील प्रबंधात सापडला होता. पंप बंद पडल्यावर पाणी कोण वाहते, हे पाहताना त्या अभियंत्याने तो सहज करून ठेवला होता. असा तक्ता नावावरून सापडत नाही. पाने उलटावी लागतात.

उरलेले अर्धे काम म्हणजे संशय घेणे. दोन तक्त्यांत एकच शब्द असला म्हणजे एकच वस्तू असते असे नाही. एका गावातली कुटुंबसंख्या एका प्रबंधात दुसऱ्याच्या तिप्पट आली होती. दोघेही प्रामाणिक होते. समाजशास्त्राच्या माणसाने जितक्या चुली तितकी कुटुंबे धरली होती, पाणीपुरवठ्याच्या माणसाने जितके नळ तितकी. हे तक्त्याच्या मथळ्यात लिहिलेले नसते, तळाशी बारीक अक्षरातल्या टिपेत असते. म्हणून माझ्या विभागाचा पहिला नियम होता: तक्ता खालून वाचायचा. आधी टीप, मग आकडे, सर्वांत शेवटी मथळा.

आमच्याकडे येणारी मंडळी मात्र मथळा घेऊनच येत. एक गृहस्थ दर काही महिन्यांनी यायचे, हातात पेढ्यांचा पुडा.

"मला घट दाखवणारा तक्ता हवा आहे."

"कशाची घट?"

"ते तुम्ही बघा. पण घट ठळक हवी."

"आणि वाढ निघाली तर?"

"मग साहेब, मागची वर्षं घ्या ना. पुष्कळ वर्षं आहेत."

पेढे मी शिपायाकडून परत पाठवीत असे. शिपाई ते वाटेत खात असे, हे मला निवृत्तीच्या दिवशी कळले.

आता त्या तक्त्याकडे येतो. खाडीच्या मुखाजवळ, जिथे दिवाळ्याच्या होड्या लागतात, त्या पट्ट्याचे पुढे काय करायचे यावर विचार चालू होता. पट्टा मासेमारीचा ठरला तर होड्यांची जागा राहणार होती; 'मासेमारीस अनुपयुक्त' ठरला तर ती सहलीच्या बोटींच्या धक्क्याला जाणार होती. निर्णय घेणाऱ्यांनी आमच्याकडे तुलना मागितली. माझ्यासमोर मुख्यतः दोन प्रबंध आले. अर्थशास्त्राच्या प्रबंधात मासळी विकणाऱ्या बायकांनी सांगितलेल्या रोजच्या पाट्या होत्या, आणि त्या भरपूर होत्या. प्राणिशास्त्राच्या प्रबंधात संशोधकाने स्वतः होडीतून जाऊन, जाळे टाकून, सहा वेळा मासे मोजले होते, आणि ते जवळजवळ नव्हतेच. महिने दोन्हीकडे तेच.

प्रत्येक तक्त्यासाठी आम्ही तीन चिठ्ठ्या भरत असू: पांढरीवर कोणी मोजले, पिवळीवर काय मोजले, गुलाबीवर केव्हा मोजले. तिन्ही ताडून पाहिल्यावरच तक्ते शेजारी बसत. ही पद्धत माझी. चिठ्ठ्यांचा नमुना मी स्वतः पट्टी घेऊन आखला होता, आणि स्मरणिकेने तिला 'निर्दोष' म्हटले आहे. ती निर्दोष नव्हती. पांढऱ्या आणि पिवळ्या चिठ्ठीवर मी ऐसपैस जागा ठेवली आणि गुलाबीवर एक अरुंद चौकोन. त्यात महिना मावत असे, तारीख मावत नसे. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला मी. काळ म्हणजे महिना आणि हंगाम, अशी माझी समजूत होती. समुद्र मी तोपर्यंत फक्त कचेरीच्या खिडकीतून पाहिला होता.

सुमनबाई चिठ्ठ्यांवरून तक्ता टंकलिखित करीत. त्या दिवशी त्या प्रबंधाचे परिशिष्ट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मंगळवार होता. दुपारचा चहा नुकताच झाला होता.

"साहेब, हितं मागं सहा तारखा दिल्यात. तक्त्यात घालू का?"

"महिना पुरे."

"पन साहेब, ह्या तारखा भांगाच्या वाटतात. भांगाला जालं कोन टाकतं?"

भांग म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारायला हवे होते. मी काय म्हणालो, ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, "सुमनबाई, हे संशोधन केंद्र आहे. इथे पंचांग बघायचे नसते."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसले. सुमनबाई गेल्या आणि त्यांनी महिना टंकलिखित केला. दोन प्रबंधांतली तफावत समजावण्यासाठी मी तळाशी टीप लिहिली: 'मासेविक्रेत्या महिलांनी दिलेली माहिती अतिशयोक्त असण्याची शक्यता आहे.' ही टीपही सुमनबाईंनीच टंकलिखित केली. त्यांची आई त्या महिलांपैकी एक होती. कचेरीच्या रिवाजाप्रमाणे पानाच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी आपले आद्याक्षर घातले: 'टं. सु.' हे आद्याक्षर लक्षात ठेवा.

पुढे बेलापुरातच सुनावणी झाली. मंचावर अधिकारी, समोर गावकरी. टिपण घेण्यासाठी सुमनबाई माझ्या शेजारी वही घेऊन बसल्या होत्या. अधिकाऱ्यांनी माझा तक्ता वाचला, मग टीप वाचली. अतिशयोक्त हा शब्द गावकऱ्यांना कळण्यासाठी त्यांनी तो सोपाही केला: "म्हणजे बायकांनी वाढवून सांगितलंय."

तिसऱ्या रांगेतून सुमनबाईंची आई उभी राहिली. ठेंगणी, काळीसावळी, नाकात नथ, आवाज बाजारात कमावलेला.

"साहेब, तुमचा मास्तर मासं मोजाया आला, तो कोनच्या होडीत बसून आला?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला ठाऊक नव्हते.

"आमच्या होडीत! माजा भाऊ घेऊन जायाचा त्याला. आनि भाऊ होडी कवा देनार? रिकामी असंल तवा. रिकामी कवा असते? भांगात. उधानात आमी आमचं पोट बघू का मास्तरला फिरवू?" मग सभागृहाकडे वळून, "होडी मास्तरकडं, जालं मास्तरकडं, मानसं घरी झोपलेली. मासं काय पोहत येऊन पाटीत बसनार?"

सभागृह हसले. अधिकारीही हसले.

न कळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीला जोर असतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास तो ओसरतो, तो भांग. खाडीतले जाळे पिशवीसारखे असते, प्रवाहाच्या तोंडाशी धरलेले. पाण्याला ओढ असली तर ते फुगते आणि भरते. ओढ नसली तर ते लोंबकळते. म्हणून भांगात कोळी होडी बांधून ठेवतात, जाळी दुरुस्त करतात, लग्नाची बोलणी करतात, आणि कोणा संशोधकाला होडी हवी असेल तर देतात. तो बिचारा संशोधक अत्यंत काटेकोर होता. त्याने प्रत्येक मासा मोजला, तोलला. फक्त ज्या दिवशी गावात कोणीही मासे धरत नसे, त्याच दिवशी तो मासे धरायला जाई, कारण इतर दिवशी होडी कामावर असे. त्याने तारखा परिशिष्टात प्रामाणिकपणे दिल्या होत्या. त्या मी काढून टाकल्या.

कचेरीत परतल्यावर मी सुमनबाईंना म्हणालो, "त्या वर्षाची दिनदर्शिका मिळेल का?"

"इथं पंचांग बघायचं नसतं ना साहेब?" त्या म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी घरून, भिंतीवरच्या खिळ्याचे भोक पडलेली जुनी दिनदर्शिका घेऊन आल्या. सहाच्या सहा तारखा सप्तमी ते एकादशीच्या आत पडल्या.

मी शुद्धिपत्र लिहिले. शेवटी वाक्य घातले: 'ही चूक तुलना विभागप्रमुखाची आहे. टंकलेखिकेने ती छपाईपूर्वी निदर्शनास आणली होती, परंतु विभागप्रमुखाने तिचे म्हणणे ऐकले नाही.' तत्कालीन संचालकांनी ते वाचून चष्मा काढला.

"'विभागाची' लिहा. 'प्रमुखाची' कशाला?"

"कारण विभागात सुमनबाईही येतात."

"अहो, तुमच्या गोपनीय अहवालात जाईल हे."

"जाऊ द्या."

गेले. त्याची माझ्या बढतीला किती झळ लागली, तो हिशेब मी इथे मांडणार नाही. शुद्धिपत्र निघाले, धक्क्याचा विचार मागे पडला. होड्या आजही तिथे लागतात. ते माझ्यामुळे झाले असे कोणी म्हणत असेल तर तेही खोटे आहे. ते तिसऱ्या रांगेतल्या बाईमुळे झाले.

मग स्मरणिकेत हे उलटे कसे छापले गेले? त्याचा शोध मी घेतला, कारण शोधणे हाच माझा धंदा होता. गेल्या महिन्यात मी केंद्रात गेलो. आता तिथे काचेचे दार आहे. तन्वी नावाच्या तरुण अधिकारी बाईंनी मला आदराने बसवले, पाणी दिले, आणि संगणकावर दाखवले: खाडीचे नाव घातले की सर्व विद्याशाखांतले तक्ते क्षणात समोर येतात, मथळे जुळले की आपोआप शेजारी बसतात. मी खोटे बोलणार नाही. माझे डोळे भरून आले. ज्या तक्त्यासाठी मी चार महिने पाने उलटली असती, तो माझा चहा निवण्याआधी आला.

आणि सर्वांत वर आला तो माझा तक्ता. चुकीचा.

"शुद्धिपत्र कुठे आहे?" मी विचारले.

तन्वीबाईंनी शोधले. मिळेना. शेवटी त्यांनी मूळ फाइल मागवली. शुद्धिपत्र सुटे पान होते. टाचणी गंजून निघाली होती, आणि कागदांची छायाचित्रे घेणाऱ्या ठेकेदाराने सुटी पाने बाजूला ठेवली होती. म्हणजे संगणकात उरले काय? माझा तक्ता, बायका वाढवून सांगतात ही माझी टीप, आणि डाव्या कोपऱ्यात 'टं. सु.' माझे नाव त्या पानावर नव्हतेच. तक्ता चुकला होता एवढे स्मरणिकाकाराने कचेरीत ऐकले असणार; त्याला पानावर एकच नाव दिसले, आणि चूक त्याच्या खाली पडलेली दिसली. बाकीचे त्याने अंदाजाने लिहिले. अंदाज म्हणजे काय, हे त्याने असे स्वतःच दाखवून दिले.

तन्वीबाई मुलगी चांगली आहे. "सर, मी आजच जोडते," म्हणाल्या आणि माझ्यासमोर त्यांनी शुद्धिपत्र तक्त्याला जोडले. ते झाले. पण छापलेल्या स्मरणिकेचे काय? तिचे लेखक-संपादक आमच्याच केंद्राचे निवृत्त संचालक आहेत, एके काळी माझ्या हाताखाली होते. मी त्यांना फोन केला.

"अहो, रागावता काय?" ते म्हणाले. "मी तर तुम्हाला वाचवलं."

"मी बुडत होतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गौरवलेखात कोणी चूक लिहितं का?"

"लिहिलीत की! फक्त दुसऱ्याची म्हणून लिहिलीत."

"सुमनबाईंनी काही तक्रार केली आहे का? नाही ना? मग तुम्ही कशाला उकरून काढता? आणि शुद्धिपत्र काढायला आता बजेट नाही."

बाईने तक्रार केली नाही म्हणून तिचे काही गेले नाही, हा तर्क मी सरकारी नोकरीत फार ऐकला. मी फोन ठेवला आणि दिवाळ्याला गेलो.

सुमनबाई ओसरीवर बसल्या होत्या. अंगणात मांदेली सुकत होती. मला पाहून उठू लागल्या, गुडघ्याने उठू दिले नाही.

"वाचलंत?" मी विचारले.

"नातीनं वाचून दाखवलं. साहेब, फोटोत तुमचे केस त्यांनी काळे केले काय हो?"

"सुमनबाई, मी त्या वाक्यासाठी आलोय."

"जाऊ द्या ना. आता कोन वाचतंय?" त्यांनी हातातल्या काठीने कावळा हाकलला. "आई असती तर गेली असती तिथं पाटी घेऊन. मी काय जानार?"

कावळा उडाल्यावर त्याच म्हणाल्या, "फक्त एक झालं. नात विचारत व्हती, आजी, तू खरंच चुकली व्हतीस काय? मी म्हटलं, नाय गो. तर म्हनते, पन छापलंय ना."

त्या हसल्या. मला हसता आले नाही. छापलेल्या कागदाला माणसाच्या शब्दाहून मोठे मानायला त्या मुलीला कोणी शिकवले? आमच्यासारख्यांनीच. मी एकदा त्या मुलीच्या पणजीला छापील टिपेत खोटे पाडले होते. आता तिच्या आजीला पाडले गेले, आणि साक्षीला पुन्हा माझाच तक्ता.

"मी छापून आणतो," मी म्हणालो. "दिवाळी अंकात."

"आना. पन साहेब," त्यांनी बोट उगारले, तसे त्यांनी नोकरीत कधी उगारले नव्हते, "ह्या वेळी दिवस घाला. महिना नको."

म्हणून, सुमनबाईंच्या नातीसाठी, माझ्या विभागाच्या नियमाला धरून, या लेखाच्या तळाशी टीप देत आहे. तिने लेख खालून वाचावा.

टीप. कोणी मोजले: संशोधकाने, सुमनबाईंच्या मामांच्या होडीतून. काय मोजले: मासे, जे त्या दिवशी तिथे येणार नव्हते. केव्हा मोजले: सहा वेळा, प्रत्येक वेळी भांगात, सर्व तिथी सप्तमी ते एकादशी. चूक कोणी पाहिली: सुमनबाईंनी, छपाईपूर्वी, मंगळवारी, दुपारच्या चहानंतर. चूक कोणाची: प्रस्तुत लेखकाची, एकट्याची. विक्रेत्या महिलांनी दिलेली माहिती बरोबर होती.

या लेखाचे टंकलेखन लेखकाने स्वतः, एका बोटाने केले आहे. राहिलेल्या चुकाही त्याच्याच आहेत.